दवाखान्यात पेशंटसमोर बसून गायल्यानं खरंच फरक पडतो का? मोबाईलवर गाणं लावलं तर तेच होत नाही का?

तेच होत नाही. पण मोबाईल अगदीच कुचकामी, असंही नाही.

मी परभणीची. शाळेत ३० वर्षं संगीत शिकवून निवृत्त झाले आणि वर्षभरातच आईचा खुबा मोडला. ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत पायाला वजन बांधून वॉर्डात पडून राहायचं. कूस बदलता येत नाही, झोप नाही. म्हणून रात्री मी तिच्याच जात्यावरच्या ओव्या हळू आवाजात म्हणायला लागले. तिसऱ्या रात्री पलीकडच्या कॉटवरची आज्जी म्हणाली, "बाई, त्या ओवीत चुकायलाव तुम्ही." ती सांगेल तसं म्हटलं, तरी तिचं समाधान होईना. शेवटी स्वतःच गायली. गंगाखेडकडची होती. तोवर सुनेनं पेज पुढं केली की तोंड भिंतीकडं करायची, एवढंच आम्ही पाहिलं होतं. मोबाईलला असं कुणी टोकत नाही.

अभ्यासाचं म्हणाल, तर २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा आढावा आला. ऑपरेशनच्या आधी, नंतर किंवा चालू असताना संगीत ऐकलेल्यांना दुखणं कमी जाणवलं, धास्ती कमी झाली, वेदनाशामक कमी लागलं. दवाखान्यातले दिवस मात्र घटले नाहीत. तेव्हा गाण्यानं पेशंट लवकर घरी जातो असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. यातलं बहुतेक संगीत ध्वनिमुद्रितच होतं, म्हणून मोबाईलला नावं ठेवत नाही. समोरचं आणि टेपवरचं यांची तुलना १९८३ सालच्या एका अभ्यासात झाली, कॅन्सरच्या ५० पेशंटवर. समोर गाणं ऐकलेल्यांचा ताण जास्त उतरला, हुशारी जास्त वाटली. ५० म्हणजे फार नाहीत, पण मी पाहिलं त्याच्याशी जुळतं.

पुढं मी इतर पेशंटपाशीही गायला जाऊ लागले. समोर बसलं की पेशंटचा श्वास दिसतो. तो जलद असला तर आधी त्याच लयीत धरायचं, मग लय हळूहळू उतरवायची. पुष्कळदा श्वासही मागोमाग उतरतो. जखमेची पट्टी ओढताना गाण्याची ओळ लांबवायची. पेशंटनं हात हलवला की बंद.

एका ऊसतोड पोरानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "भजन नगं, बाई. लावणी येत असंल तर म्हना." जन्मभर प्रार्थना शिकवलेली मी! घरी नातवाकडून लावून घेतली, दोन दिवसांत बसवली (मोबाईलचा हा उपयोग झाला). त्याच्या पायाच्या ड्रेसिंगला आधी दोघं जण धरायला लागायचे. लावणी सुरू झाली की तो कॉटच्या दांडीवर ठेका धरायचा आणि एकानं भागायचं. कळ गेली नव्हती, दातओठ खायचाच. पण ठेका चुकला की "पुन्हा धरा" म्हणायचा.

माझीही एक चूक सांगते. मेट्रनबाईंची परवानगी काढून एकदा आमचं अख्खं भजनी मंडळ नेलं. आठ जणी, टाळ, मृदंग. त्या उघड्या भिंतींत आवाज असा घुमला की डोक्याला मार लागलेला एक पेशंट कान दाबून ओरडायला लागला. सिस्टरनं दहा मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं, बरोबर केलं. दवाखान्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात कायद्यानं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावरचा वरातीचा डीजे ती पाळत नाही, म्हणून आत आपणही मोडायची का?

तेव्हापासून मी एकटीच जाते, एकतारी घेऊन. एका कॉटपाशी दहा मिनिटं, तेही विचारून. पेटी नेत नाही. भात्याच्या घड्या पुसता येत नाहीत. एकतारी पुसता येते, स्पिरिटनं तिचं पॉलिश पार गेलंय.

नवजात बाळांच्या कक्षात मी गात नाही. २०१३ साली अमेरिकेत ११ अतिदक्षता कक्षांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास झाला. आईबापांनी निवडलेलं अंगाईगीत समोर गायलं तेव्हा बाळं दूध चांगलं घेऊ लागली, आईबापांचा ताणही उतरला. तिथं आईचा पाळणा हवा, माझी एकतारी कशाला? बाहेर ताटकळलेल्या पहिलटकरणींना मी एवढंच सांगते की सिस्टरला विचारून बाळाला छातीशी घ्याल तेव्हा हळूच म्हणा, गळा नसला तरी चालतं.

आई आता वॉकरवर चालते. ती ओवी मी अजून गंगाखेडच्या आज्जीनं शिकवली तशीच म्हणते. आईचं म्हणणं, चुकत होतं ते आज्जीचंच.