कावासाकी निंजा ३०० बाईक मागून झुलते, नवीन मोनोशॉक (मागचा एकच शॉक) टाकू की आहे तोच ट्यून करू?

आत्ता नवीन मोनोशॉक घेऊ नका, आधी आहे तोच सेट करा. मी वडोदऱ्यात गॅरेजमध्ये हेच काम करतो, आणि तुम्ही लिहिलंय तसं (वजन ८२ किलो, रोज दांडिया बाजार ते मकरपुरा, रविवारी पावागडला माचीपर्यंतचा घाट) चालवणाऱ्यांच्या बऱ्याच गाड्यांचा सॅग (बसल्यावर गाडी मागून किती खाली दबते ते) कधी कोणी मोजलेलाच नसतो.

टायरची हवा बघा, मग मागचं चाक उचलून अ‍ॅक्सल ते टेलचं अंतर मोजा, मग हेल्मेट-जॅकेट घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्या कोणाला परत मोजायला सांगा, फरक ३० ते ४० मिमी आला तर ठीक, जास्त आला तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) एक स्टेप वाढवा. निंजात ५ स्टेप आहेत. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हं, फक्त गाडी मागून उचलली जाते, मेकॅनिक काहीही सांगोत. शेवटच्या स्टेपलाही ४० च्या वर असेल तर तुमच्या वजनाला स्प्रिंगच मऊ आहे, तेव्हा खर्च करा.

पुढे अ‍ॅडजस्टमेंट नाहीच, तिथे जुनं फोर्क ऑइल (पुढच्या शॉकमधलं तेल) बदललं तरी बराच फरक पडतो, ग्रेड मॅन्युअलमधलीच घ्या.

फक्त एक, शॉकच्या रॉडवर तेल दिसत असेल किंवा सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत असेल, तर डॅम्पिंग (उसळी थांबवायची ताकद) गेलंय, मग ट्यूनिंगचा उपयोग नाही, बदलाच.