यादी नंतर कर, आधी माळ्यांबरोबर फिरून ये

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. बोटॅनिकल गार्डनचे पब्लिक प्रोग्राम्स आणि इव्हेंट्स तुझ्याकडे आले, खूप आनंद झाला. वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी कशी करू विचारलंयस, तर माझं ऐक, ती आत्ता करूच नकोस. पहिला महिनाभर दर आठवड्याला एक सकाळ माळ्यांबरोबर फिर आणि एवढंच विचार की सध्या काय उमलायच्या बेतात आहे, कुठलं झाड आजारी आहे, कुठली माती अजून ओली आहे. आपण ऑफिसमधे बसून तारखा ठरवतो आणि मग त्या दिवशी बागेत दाखवायला काहीच नसतं, हे मी पहिल्या दोन वर्षांत इतक्यांदा केलंय की आता कुणी नवीन या कामात आलं की पहिलं हेच सांगते.

झाडं तारीख पाळत नाहीत. टायटन अरमचं बघ ना, आपल्या सुरणाच्याच कुळातला, सुमात्राचा. वर्षानुवर्षं नुसतं एक भलंमोठं पान काढत बसतो आणि एकदा फुलोरा उघडला की एकदोन दिवसांत खेळ खलास. लंडनच्या क्यू गार्डनमधे तो 1889 मधे फुलला, लागवडीत फुललेला तो पहिलाच. असं काही तुझ्याकडे असेल तर तारीख नसलेला कार्यक्रम तयार ठेव, म्हणजे रात्री उशिरापर्यंत गेट उघडं ठेवायची परवानगी आधीच घेतलेली, रांग कुठून वळवायची ते ठरलेलं, व्हॉलंटियर्सचा ग्रुप बनवलेला, लोकांना पाठवायचा मेसेज लिहून ठेवलेला. कळी हलायला लागली की फक्त पाठवायचं.

आणि वेळेचंही तसंच. व्हिक्टोरिया कमळ संध्याकाळी उघडतं, पहिल्या रात्री पांढरं आणि सुवासिक, मग त्याच्या मूळ प्रदेशात भुंगेरे आत शिरतात, फूल मिटतं, ते अडकून पडतात आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी झालेल्या फुलातून पराग घेऊन बाहेर पडतात. आता बाग पाचला बंद होत असेल तर हे बघणार कोण? दोन संध्याकाळी लागोपाठ तीसच लोकांना बोलाव, तेच लोक दोन्ही दिवस. पांढरं फूल गुलाबी झालेलं बघून ते जे गप्प होतात ना, ते मला कुठल्याही मोठ्या फेस्टिवलपेक्षा मोलाचं वाटतं.

आता मोठ्या इव्हेंट्सबद्दल, कारण हे टळणार नाहीये, बागेला पैसे लागतात. लॉन भाड्याने देणं, मैफली, फोटोशूट, सगळं येईल. माझ्या एका जुन्या नोकरीत एका जुन्या झाडाखाली संगीताचा कार्यक्रम ठेवला होता. आदल्या रात्री पाऊस झाला तरी आम्ही पुढे गेलो, स्टेजचा ट्रक थेट बुंध्यापर्यंत आणला. कार्यक्रम झकास झाला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच बाजूच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटदीड फुटातच असतात, ओल्या मातीवर वजन आलं की तिच्यातली हवेची जागा दबून जाते आणि मुळं गुदमरतात, आणि हे त्या दिवशी अजिबात दिसत नाही गं, म्हणून तर कुणी घाबरत नाही. परवानगीवर सही माझी होती आणि ते मला अजूनही लागतं. त्यामुळे करारात पहिल्या दिवसापासून लिहून घे की माती ओली असेल तर वाहन आत येणार नाही, दोरी झाडाच्या पसाऱ्याच्या बाहेरून बांधली जाईल, आणि शेवटचा नकार हॉर्टिकल्चरवाल्यांचा असेल, तुझा नाही आणि तुझ्या साहेबांचाही नाही.

मुलांच्या ॲक्टिव्हिटीज जरूर कर, पण रोपांजवळच्या लेबलला हात लावायचा खेळ कधीच ठेवू नकोस. मी एकदा 'लेबल शोधा' ठेवलं आणि मुलांनी प्रेमाने ती उपटून माझ्यासमोर ढीग लावला. त्यावरच्या नंबरला जोडून नोंद असते, रोप कुठून आलं, कधी, कुणी गोळा केलं. तो नंबर तुटला की शास्त्राच्या कामाचं रोप नुसतं शोभेचं होतं. आम्ही तीन आठवडे रजिस्टर घेऊन फिरत होतो आणि काही रोपांची ओळख शेवटपर्यंत लागली नाही.

गाइडेड वॉकला पंधरा-वीस माणसं बास, सातआठ थांबे, तासाच्या आत. नावं कमी सांग, प्रश्न जास्त विचार. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला मोठा वड माहितीये ना, त्याचा मूळ बुंधा बुरशीने सडला म्हणून 1925 मधे काढून टाकला आणि झाड पारंब्यांवर आजही पसरतंय. तिथे उभं राहून लोकांना फक्त एवढं विचारायचं, याचा बुंधा कुठाय दाखवा. दहा मिनिटं सगळे शोधत बसतात आणि पारंबी म्हणजे काय ते आपोआप कळतं. तुझ्या बागेतही असं एखादं झाड असेलच, ते शोध.

रोपविक्री ठेवलीस तर काय विकतोय ते बॉटनीवाल्यांकडून तपासून घे. घाणेरी आणि जलपर्णी दोन्ही शोभेच्या म्हणूनच देशोदेशी नेल्या होत्या, आणि मग तण होऊन आवरेनाशा झाल्या. पाणी, टॉयलेट, बसायला सावली, व्हीलचेअरचा रस्ता हे सगळं तुला सुचेलच, वादळ आलं तर लोकांना झाडांखालून कुठे हलवायचं ते मात्र कागदावर लिहून गेटवरच्या माणसाकडे दे, कारण त्या वेळी तुझा फोन लागणार नाही.

रिपोर्टमधे किती लोक आले ते लिहावंच लागेल, लिही. पण त्याखाली एक ओळ आपल्यासाठी पण लिहीत जा, आज कोण कुठल्या झाडापाशी जास्त वेळ थांबलं. माझ्या अशा अकरा वह्या झाल्यात आणि पुढच्या वर्षीचे कार्यक्रम मी त्यांतूनच काढते.

या सोमवारी फेरी मारून आलीस की काय उमलतंय ते कळव, मग आपण फोनवर बसून पहिले तीन कार्यक्रम ठरवू.

तुझी,
ताई