‘वायरिंगच जुनं होतं’ म्हणून इलेक्ट्रिशियन सुटतो का?

प्रश्न: आमचं घर वडिलांनी बांधलेलं, वय पन्नाशीच्या पुढचं. गीझर आणि एसी एकदम चालू केला की दिवे मंदावायचे, म्हणून शेजाऱ्यांच्या ओळखीतल्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. नवा डीबी (जिथून घरातल्या सगळ्या लाइनी फुटतात तो बोर्ड), एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि एसीचा वेगळा पॉइंट असं काम तोंडी ठरलं. निम्म्याहून जास्त पैसे मी मोबाइलवरून दिले, बिल मिळालं नाही. काम झाल्यापासून आरसीसीबी रोज पडायला लागली. पुन्हा बोलावलं तर ‘जुन्या वायरिंगला ही चालत नाही’ म्हणत त्याने ती काढून लाइन डायरेक्ट करून दिली. तीन आठवड्यांनी रात्री हॉलमधला जंक्शन बॉक्स पेटला. माणसं वाचली, पण सोफा, पडदे आणि टीव्ही गेला. आता तो म्हणतो, ‘वायरिंगच जुनं होतं, माझा काय दोष?’ वर उरलेले पैसे मागतो, नाही दिले तर पोलिसांत जाईन म्हणतो. नवा इलेक्ट्रिशियन उद्याच सगळं उखडायला तयार आहे. लेखी काहीच नाही. मला दाद मागता येईल का?

उत्तर: दाद मागता येईल. पण आधी उद्याचं बोलू. त्या नव्या इलेक्ट्रिशियनला थांबवा. तुमच्याकडे करारपत्र नाही, बिल नाही, त्यामुळे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आज भिंतीत आणि त्या जळक्या डब्यात आहे. तो उद्या भंगारात गेला, तर उरेल ते ‘तुम्ही म्हणता’ आणि ‘तो म्हणतो’ एवढंच.

म्हणजे जीव धोक्यात घालून पुरावा राखा असं नव्हे. मेन स्विच बंद ठेवा. घरात वीज लागणारच असेल, तर जळलेल्या बाजूची लाइन पूर्ण तोडून उरलेल्या भागापुरती तपासून घ्या. मीटरच्या अलीकडे-पलीकडे काही तापलेलं किंवा काळवंडलेलं दिसलं, तर वीज कंपनीला कळवा. मीटरचं सील कुणालाही तोडू देऊ नका, नाहीतर वीज कायद्याचं वेगळंच लचांड तुमच्या गळ्यात पडेल.

आता पुराव्याचं. परवानाधारक विद्युत ठेकेदाराला तपासणीसाठी बोलवा. शक्यतो तो दुरुस्तीचं काम घेणारा नसावा, म्हणजे ‘काम मिळवायला असा अहवाल दिला’ हा आरोप टळतो. त्याच्यासमोर डीबी उघडा, प्रत्येक एमसीबीवरचा आकडा वाचता येईल असे फोटो काढा, जळलेला जोड सलग व्हिडिओत घ्या. मग तो जोड आणि दोन्ही बाजूंच्या वायरचे हातभर तुकडे कापून तारीख घातलेल्या पिशवीत बंद करा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. काढून ठेवलेली आरसीसीबी घरात असेल, तर तीही त्याच पिशवीत. ठेकेदाराकडून लेखी अहवाल घ्या, त्यावर त्याचा परवाना क्रमांक हवा. उरलेल्या वायरिंगची मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणातून करंट गळतो का हे मोजणाऱ्या यंत्राने, चाचणी करायला सांगा. ५०० व्होल्टला इन्सुलेशन रेझिस्टन्स निदान १ मेगाओहम यायला हवा. आकडा त्याखाली असेल, तर आरसीसीबी का पडत होती याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

हे सगळं कशासाठी, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्रातला सगळा राग त्या ‘डायरेक्ट’ केलेल्या आरसीसीबीवर आहे आणि तिथेच तुम्ही फसू शकता. फेज म्हणजे वीज आणणाऱ्या वायरमधून गेलेला करंट न्यूट्रल म्हणजे परतीच्या वायरमधून तेवढाच परत आला नाही की आरसीसीबी पडते. घरगुती जोडणीसाठी या फरकाची मर्यादा ३० मिलिअँपिअर आहे. माणसाला शॉक बसू लागला की वीज तोडणं हे तिचं मुख्य काम. जंक्शन बॉक्समधला सैल जोड तापतो, तेव्हा जाणारा आणि येणारा करंट सारखाच असतो. अशा जोडाची आरसीसीबीला बहुतेक वेळा दखलही नसते. जुन्या इलेक्ट्रिशियनचा वकील पहिल्याच उलटतपासणीत विचारेल, ‘ती असती तर आग थांबली असती का?’ आणि तुमचा तज्ज्ञ गप्प बसेल.

म्हणून जोड कुणाचा, हा प्रश्न आधी. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास सापडतात. त्यांना नवी तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळला असेल, तर तो जोड सैल पडतो, तापतो आणि शेवटी पेटतो. दोन धातू एकमेकांवर असे नुसते पिळायचे नसतात, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. जळलेल्या तुकड्यात नवी तांब्याची वायर निघाली, तर जोड त्याचाच. तिथे वायरिंगच्या वयाचा प्रश्नच येत नाही.

दुसरं, एमसीबीचा आकडा. पूर्वीच्या फ्यूजमध्ये पातळ तार असायची, ती वितळायची आणि वायर वाचायची. नव्या डीबीत जुन्याच दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी बसवली असेल, तर एमसीबी पडायच्या आधी वायर तापते. ‘सारखी पडते’ या तक्रारीवर मोठ्या आकड्याची एमसीबी हा उपाय मी इतक्या प्रकरणांत पाहिलाय की आता डीबीचा फोटो पाहिल्याशिवाय मी मतच देत नाही. तुमच्या फोटोत असं काही निघालं, तर प्रकरण बरंच सोपं होईल.

जोड जुनाच निघाला आणि एमसीबीही योग्य निघाली, तर? मग आरसीसीबी पुन्हा चित्रात येते, पण वेगळ्या अर्थाने. ती रोज पडत होती म्हणजे कुठेतरी करंट गळत होता, किंवा जुन्या घरांत नेहमी होतं तसं दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र झाले होते. दोन्ही दोष शोधता येतात. त्याने शोधले नाहीत, इशारा देणारी वस्तूच काढली आणि त्याच वायरिंगवर एसीचा भार ठेवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा येतोच, शिवाय ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणंही येतं. ‘वायरिंगच जुनं होतं’ हा बचाव इथे त्याच्यावर उलटतो. जुनं होतं म्हणून तर तुम्ही त्याला बोलावलंत. ते त्याला माहीत होतं हे तो स्वतःच कबूल करतोय. मग हा भार पेलणार नाही, असं काम सुरू करण्याआधी सांगितलं का, एवढाच प्रश्न उरतो. त्याने खरंच सांगितलं असेल आणि तुम्ही ‘सध्या एवढंच करा’ म्हणाला असाल, तर मात्र तुमची बाजू बरीच दुबळी होते. आठवून बघा, आणि तुमच्या वकिलापासून तरी ते लपवू नका.

लेखी नसल्याची काळजी तुम्ही वाजवीपेक्षा जास्त करताय. तोंडी करारही करारच असतो. मोबाइलवरून गेलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात तारखेसह आहेत. ग्राहकाच्या व्याख्येत मोबदला ‘काही दिला, काही द्यायचं कबूल केलं’ अशी सेवाही बसते, म्हणजे बाकी राहिल्याने तुमचा हक्क जात नाही. तो एकटा माणूस आहे, कंपनी नाही, यानेही फरक पडत नाही. कायद्यातून वगळली आहे ती नोकरासारखी वैयक्तिक सेवा. आपल्या कौशल्याने काम पुरं करून देणारा कारागीर त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद १९९५ मध्ये डॉक्टरांच्या प्रकरणात स्पष्ट केला आणि तेव्हापासून तो वापरला जातोय. बिल न देणं ही तर कायद्याच्या लेखी अनुचित व्यापारी प्रथा. व्हॉट्सॲपवरचे निरोप, विशेषतः ‘डायरेक्ट करून देतो’ असं काही असेल तर ते, पुसू नका आणि मूळ फोन सांभाळा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते तुमचे वकील करून देतील.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची, तीही तुम्ही राहता तिथल्या. आगीच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे. कोणत्या पायरीवरच्या आयोगात जायचं, हे नुकसानीवरून नव्हे, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं, आणि तो पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मागताना मात्र हात आखडता ठेवा. जळालेल्या वस्तूंची वापर वजा जाता किंमत, भिंतीची दुरुस्ती, सदोष कामाचे पैसे, तपासणीचा खर्च आणि मनस्तापाची वाजवी रक्कम मिळू शकते. सगळ्या घराच्या नव्या वायरिंगचा खर्च मिळणार नाही, तो तुम्हाला आज ना उद्या करावाच लागला असता. असे फुगवलेले आकडे मागितले की आयोगाला खऱ्या आकड्यांवरही शंका येते.

उरलेले पैसे आत्ता देऊ नका, पण ‘काही देणं लागतच नाही’ असंही लिहून बसू नका. त्याच्या कामातला काही भाग नीट असेल, तर तेवढ्याचा मोबदला तो मागू शकतो. तुमच्या नुकसानीतून तो वळता होईल. पोलिसांत जायची धमकी पोकळ आहे, कामाच्या पैशांचा वाद दिवाणी असतो. तुम्हीच पोलिसांत जावं का, हेही तुमच्या मनात आलं असेल. जीव धोक्यात घालणाऱ्या बेफिकिरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, पण तुमच्या जागी मी आधी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज देईन. विद्युत कायदा, २००३ चं कलम १६१ जीवितहानी किंवा इजा झालेल्याच नव्हे, तर होऊ शकली असती अशा अपघातांनाही लागू होतं. त्यांच्या चौकशीत काही निघालं, तर त्याचं वजन कुठल्याही खाजगी अहवालापेक्षा जास्त. घराचा विमा असेल, तर कंपनीला आजच कळवा. सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत काहीही हलवू नका, जोड कापून घेणंही तोवर थांबवा.

आता तुमच्या बाजूचा कच्चा दुवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार, आधी २०१० च्या आणि आता २०२३ च्या, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. नवा डीबी आणि एसीची लाइन त्यात नक्की येते. तुम्ही परवाना विचारला नाहीत, बहुतेक जण विचारत नाहीत. पण त्याच्याकडे परवाना नसेल, तर दोष त्याचा आणि थोडा घरमालकाचाही, असं आयोग म्हणू शकतो. तक्रार त्याने मरत नाही, भरपाई थोडी कमी होऊ शकते. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. एसी धरून तुमचा भार त्याच्या वर जात असेल, तर तो आधी नियमित करून घ्या. हा मुद्दा समोरच्याने काढायच्या आत आपण मिटवलेला बरा.

नवं काम देताना निदान एवढं करा: कुठल्या खोलीतली कोणती वायर बदलायची, कोणती नाही, हे कागदावर घ्या. शेवटचा हप्ता चाचणीचा अहवाल आणि बिल हातात पडल्यावरच. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्याला तर अहवाल आधी मागा.

तपासणीचा अहवाल आला की नोटीस पाठवा. ती लांबलचक नको. ‘तुम्ही अमुक तारखेला माझ्या घरी नवा डीबी व एसीची लाइन बसवलीत. अमुक तारखेला आरसीसीबी काढून लाइन थेट जोडलीत आणि दोष शोधला नाही. अमुक तारखेला तुमच्या कामाच्या जागी आग लागली. सोबत अहवाल व खर्चाचा तपशील आहे. तुमचा परवाना क्रमांक कळवावा व पंधरा दिवसांत नुकसान भरून द्यावं,’ एवढं पुरे. ‘तुमच्या कामाच्या जागी’ हे शब्द मात्र जोडाचा अहवाल तसं म्हणत असेल तरच ठेवा. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आली तर पाकीट फोडू नका, तसंच तक्रारीला जोडा.