विल्सन की स्विनहो? बोटीवरून ओळखताना

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात दिसणाऱ्या स्टॉर्म पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्यांपैकी बहुतेक विल्सन जातीचे निघतात. त्यामुळे त्यांचीच दुसरी जात, स्विनहो, नोंदवायची तर पुरावा भक्कम हवा.

आधी शेपटीच्या मुळाशी बघा. विल्सनला तिथे ठळक पांढरा पट्टा असतो आणि तो बाजूंनी खाली वळतो, म्हणून पक्षी कडेने दिसला तरी पांढरं दिसतंच. स्विनहो तिथेही गडद तपकिरी. पण उन्हात ओली पिसं चमकतात आणि गडद कंबर क्षणभर फिकट भासते. एका फोटोवर निर्णय नको, आठ-दहा सलग फोटो घ्या. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि एक्स्पोजर किंचित कमी करा, नाहीतर पांढरा भाग जळून त्याची कडच कळत नाही.

विल्सनचे पाय शेपटीच्या टोकाबाहेर डोकावतात. मात्र कधीकधी तो पाय आत ओढून घेतो, तेव्हा पाय दिसले नाहीत म्हणून लगेच स्विनहो म्हणू नका. स्विनहोची शेपटी दुभंगलेली खरी, पण मिटलेली असताना खाच दिसत नाही. पंखांच्या बाहेरच्या मोठ्या पिसांच्या बुडाशी फिकट दांड्या मिळाल्या तर उत्तम, पण त्या जवळूनच दिसतात.

उडण्याची ढब मला जास्त भरवशाची वाटते. विल्सन पाय लोंबकळत ठेवून पाण्यावर थुईथुई नाचतो. स्विनहो अंगाने मोठा, लांब पंखांचा, झेपावत, वळणं घेत जातो. पंखांची पिसं झडत असतील तर आकारावर मात्र विसंबू नका.