क्लचचं पेडल सकाळी खाली जातं आणि पंप केल्यावर वर येतं, तर पाइप बदलावा का?

पाइप बदलायची घाई करू नका. तुमची गाडी 25 वर्षं जुनी आहे, सकाळी पहिल्यांदा पेडल खोल जातं, तीन-चारदा मारलं की टणक होतं आणि क्लचच्या तेलाच्या डबीतलं तेल कमी झालेलं दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी दोष बहुधा सिलिंडरमधल्या, तेल अडवणाऱ्या रबरी कपांचा निघतो, लोखंडी पाइपाचा क्वचितच.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरचा पिस्टन तेल पुढे ढकलतो, ते पाइप आणि होजमधून (लवचीक रबरी नळीतून) गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं आणि त्याचा दांडा क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, रेटतो. मास्टर 16 मिमी आणि स्लेव्ह 19 मिमी व्यासाचा असेल, तर जोर सुमारे 1.4 पट होतो, पण दांडा तेवढ्याच प्रमाणात कमी सरकतो. मुळातच तो सरकतो थोडा. त्यातले दोन-तीन मिलिमीटर हवेचा बुडबुडा दाबण्यात गेले, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते.

आधी पायाखालची चटई उचला आणि पेडलच्या दांड्यावर, तो मास्टरमध्ये शिरतो तिथे, बोट फिरवून तेल लागतंय का पाहा. मग गाडीखाली जाऊन स्लेव्हच्या दांड्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, मागे सरकवा. माझ्या गाडीत बाहेर थेंबही नव्हता, पण बूट सोलल्यावर आतून काळं, चिकट तेल ओघळलं. डबीत फरक पडावा इतकं ते नव्हतं, हवा आत जायला मात्र पुरेसं होतं. दोन्हीकडे कोरडं असेल तर एकाला पेडल दाबायला सांगा आणि होज मुठीत धरा. ती फुगताना हाताला जाणवली, तर होज बदलायची. पेडल नुसतं दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टरचा कप आतल्या आत तेल सोडतोय.

मी तेव्हा फक्त स्लेव्हचे कप बदलले. दोन महिन्यांत मास्टरही गळू लागला. दोन्हींचं वय एकच असतं, म्हणून माझा आग्रह आहे की दोन्ही एकदम करा. आत गंजाचे खड्डे दिसले तर नवे कप टिकत नाहीत, सिलिंडरच नवा घ्या.

तेल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक फ्लुइड. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने रबर फुगतं. हे तेल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उघडी पडलेली बाटली वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

काम झाल्यावर आत अडकलेली हवा (एअर) काढताना पेडल दाबा, स्लेव्हवरचा हवा सोडायचा स्क्रू, म्हणजे निपल, उघडा, बंद करा आणि मगच पाय सोडा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलात बुडवून ठेवा, म्हणजे बुडबुडे दिसतात. मध्ये डबी रिकामी झाली, तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.