एकाच बगवर दोघांचे पॅच आले तर लिनक्स कर्नलमध्ये माघार कुणी घ्यायची?

तुम्ही विचारलंय की तुमचा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) चार ओळींचा आहे, त्याच बगची दुरुस्ती दुसऱ्याच्या मोठ्या सिरीजमध्येही (एकामागून एक लागणाऱ्या पॅचांच्या संचातही) आहे, आणि तो म्हणतो "तुमचा मागे घ्या". तर घ्यावा का? अजिबात घेऊ नका. लहान दुरुस्ती आधी जाते, मोठी सिरीज तिच्यावर रिबेस होते, म्हणजे तिच्या पुढे नव्याने बसवली जाते. त्याचा पॅच आधी आला की तुमचा, याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

हे मी इतकं ठामपणे का म्हणतो ते सांगतो. एक यूएसबी ड्रायव्हर होता (कुठला ते राहू द्या, मंडळी अजून तिथेच आहेत). डिव्हाइस उपटलं की अधूनमधून कर्नल कोसळायचा. डिस्कनेक्ट फंक्शन मेमरी मोकळी करून निघून जायचं, आणि रांगेत पडलेलं डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालायला ठेवलेलं काम) नंतर जागं होऊन त्याच मेमरीत हात घालायचं. नेहमीचाच यूज-आफ्टर-फ्री. मेमरी सोडण्याआधी ते वर्क रद्द करायचं, चालू असेल तर संपेपर्यंत थांबायचं, एवढाच इलाज. केसॅनचा, म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचा, ट्रेस हातात होता. डिस्कनेक्टमध्ये थांबताना आपण असा कुठला लॉक धरलेला नाही ना, जो त्या वर्कलाही लागतो, हे तपासलं, नाहीतर डेडलॉक (दोघंही एकमेकांची वाट बघत अडकणं) ठरलेला. फिक्सेस टॅग (बग कुठल्या बदलातून आला ते सांगणारी ओळ) लावला, स्टेबलला, म्हणजे आधीच्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्यांना, सीसी केलं, पॅच पाठवला.

उत्तर मेंटेनरचं (तो ड्रायव्हर सांभाळून पॅच घेणाऱ्याचं) नाही, एका तिसऱ्याच गृहस्थाचं आलं. "हे माझ्या सिरीजमध्ये आहेच. लॉकिंगच मुळात चुकलंय, हे नुसतं ठिगळ आहे."

त्याची सिरीज उघडून पाहिली. दुरुस्ती होती खरी, पण अर्धी सिरीज उलटून गेल्यावर, फंक्शनांची नावं बदलणाऱ्या आणि कोड दुसऱ्या फाइलमध्ये हलवणाऱ्या एका पॅचच्या पोटात. त्या सिरीजच्या आवृत्त्या येत राहिल्या, रिव्ह्यूत वाद नावांवरून. मर्ज विंडो, म्हणजे कर्नलच्या मुख्य ट्रीमध्ये (मुख्य कोडमध्ये) नवे बदल घेण्याचा काळ, आली आणि गेली. ती जेमतेम दोन आठवडे उघडी असते. चुकली की पुढचीची वाट पाहायची, म्हणजे साधारण नऊ-दहा आठवडे. तोवर वापरणाऱ्यांची मशीनं कोसळतच होती. स्टेबलवाले तरी काय करणार? मुख्य ट्रीमध्ये न गेलेला पॅच ते घेत नाहीत, आणि आजूबाजूच्या ओळी धरून 100 ओळींपेक्षा मोठा पॅच चालत नाही, असा त्यांचा लेखी नियम आहे. त्याचा पॅच तर जुन्या आवृत्तीवर लागलाच नसता, कारण ज्या नावांवर तो उभा होता ती नावंच तिथे नव्हती.

शेवटी मेंटेनरने त्याला सांगितलं, दुरुस्ती वेगळी काढून सिरीजच्या सुरुवातीला आण. त्याने आणली. ओळी माझ्या, लेखक तो, आणि खाली रिपोर्टेड-बायमध्ये माझं नाव! मी सरळ लिहिलं की माझा पॅच आधीपासून इथे पडलेला आहे, तोच घ्या. मेंटेनरने तो घेतला. त्या गृहस्थाचं म्हणणं अजूनही हेच, की माझ्यामुळे त्याला फुकट रिबेस करावा लागला.

तुम्हीही नावाकडे लक्ष ठेवा. दोघांचं काम एकत्र झालं तर को-डेव्हलप्ड-बाय लागतो, आणि त्याच्या लगेच खाली त्याच माणसाचा साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड द्यायचा हक्क असल्याची सही). रिपोर्टेड-बाय हा बग कळवणाऱ्यासाठी असतो, कोड लिहिणाऱ्यासाठी नाही.

"दोन्ही पाठवू, गिट बघून घेईल" असं म्हणणारेही भेटतील. गिट फक्त ओळी बघतं. एकाच मेमरी लीकवर एकाने एरर पाथमध्ये केफ्री (मेमरी सोडणारं फंक्शन) घातलं, दुसऱ्याने ते बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये घातलं, की दोन्ही पॅच बिनबोभाट मर्ज होतात आणि लीकच्या जागी डबल फ्री मिळतं, म्हणजे तीच मेमरी दोनदा सोडली जाते. बिल्डही पास होतो. लिनक्स-नेक्स्टमध्ये बहुतेक मेंटेनरांच्या शाखा जवळपास रोज एकत्र होतात, तिथे कॉन्फ्लिक्ट आणि मोडलेले बिल्ड लवकर सापडतात. हे असलं सापडेलच असं नाही. खरा धोका कॉन्फ्लिक्ट न येणाऱ्या पॅचांचा असतो.

आधी कळायला हवं होतं म्हणत असाल, तर पाठवण्यापूर्वी लोरवर (lore.kernel.org, कर्नलच्या मेलिंग लिस्टांचा संग्रह) फाइलच्या नावाने शोधा आणि पॅच त्या मेंटेनरच्या ट्रीवर किंवा लिनक्स-नेक्स्टवर लावून बघा. बग सिझबॉटचा (कर्नलमधले बग आपोआप शोधणाऱ्या बॉटचा) असेल तर त्या बगचं पान आधी उघडा. तिथल्या बगांवर नवे लोक तुटून पडतात. आता मात्र त्याच थ्रेडमध्ये त्याच्या सिरीजची लिंक देऊन दोन वाक्यांत लिहा: हा एकटा स्टेबलला जाऊ शकतो, तो जाऊ शकत नाही. मग किमान आठवडाभर गप्प बसा.

अर्थात, तुमच्या चार ओळी नुसता नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का ते बघणारी अट) घालून क्रॅश झाकत असतील, तर तो माणूस बरोबर आहे आणि वरचं सगळं विसरा. बग सुरक्षेचा असेल तर उघड्यावर भांडूच नका, कर्नलच्या सिक्युरिटी टीमला कळवा. आणि त्याचाही पॅच लहान, सुटा असेल, तर आधी आलेला जाऊ द्या, तुम्ही तपासून टेस्टेड-बाय (चाचणी केल्याची ओळ) द्या.

राहिला रिबेसच्या कष्टांचा मुद्दा. गिटमध्ये रेरेरे चालू केलं की एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पुढच्या वेळी ते आपणच सोडवतं, आणि आवृत्त्यांमध्ये काय बदललं ते रेंज-डिफ दाखवतं. चार ओळींवर मोठी सिरीज बसवायला दुपारसुद्धा पुरते. ज्याला पुरत नाही त्याने सिरीजच चुकीची कापलेली असते.