मॅग्नेशियमच्या ठोकळ्यातून ठिणग्या उडतात, पण शेकोटी पेटत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा कीस कमी पडतो. ठिणग्या मॅग्नेशियमच्या नसतात, त्या कडेला बसवलेल्या फेरोसेरियमच्या (घासल्यावर ठिणग्या पाडणाऱ्या मिश्रधातूच्या) कांडीतून येतात. मॅग्नेशियम हे इंधन. चाकूच्या पाठीने ते खरवडून रुपयाच्या नाण्याएवढा ढीग करा. हात भरून येतो, पण इथे घाई नको. कीस इतका हलका की झुळकीनेही उडतो, म्हणून दगडाच्या आडोशाला बसा.

खाली नारळाची शेंडी पिंजून घरटं करा. मुंबईच्या दमट हवेत ती सादळते. मी आदल्या दिवशी गॅलरीत कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात नेतो. नव्या कांडीवरचा काळा थर आधी खरवडून काढा. मग पातं किसाजवळ स्थिर धरून कांडी मागे ओढा. पातं पुढे रेटलं की ढीग विस्कटतो.

पांढरीशुभ्र ज्योत काही सेकंदच टिकते, तापमान ३००० अंशांच्या आसपास. तिच्याकडे टक लावू नका. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी अजिबात नको, हायड्रोजन तयार होऊन भडका उडतो; कोरडी माती टाका.

आणि कृपा करून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात हे करू नका, जंगलात आग लावायला बंदी आहे. कर्जतकडे ओळखीच्या शेतावर, मालकाला विचारूनच पेटवा.